हेडफोनचा एक कान गेला तर

हेडफोनची एक बाजू बंद पडते तेव्हा बिघाड बहुतेक वेळा लहान असतो आणि तो एकाच जागी असतो. गाणे फोनमधून निघते, सॉकेटातून पिनेत जाते, पिनेतून वायरीत, वायरीतून कानाजवळच्या इवल्याशा स्पीकरमध्ये आणि तिथून ऐकणाऱ्याच्या कानात. या वाटेवर डाव्या आणि उजव्या बाजूंचे मार्ग वेगळे असतात, म्हणून एक गेली तरी दुसरी चालू राहते. दुरुस्तीच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. पूर्ण मुका झालेला हेडफोन काहीच सांगत नाही. अर्धा चालणाऱ्या हेडफोनची चांगली बाजू मात्र वाईट बाजूशी पडताळून पाहता येते. फोन चालू आहे, गाणे सुरू आहे, निदान एक वायर शाबूत आहे, एवढे तर न तपासताच कळलेले असते. तरीही असा हेडफोन बहुधा खणात पडतो आणि नवा विकत घेतला जातो. दोष नेमका कुठे आहे हे शोधायला दहा मिनिटे लागतात. ती दिली तर पुष्कळदा खर्च टळू शकतो.

पहिली तपासणी सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. उजवा इयरफोन डाव्या कानात आणि डावा उजव्या कानात घालायचा. शांतता इयरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेली, तर दोष यंत्राकडे आहे. इयरफोन बदलूनही त्याच कानाला ऐकू येत नसेल, तर दोष कानाचा आहे; त्याविषयी पुढे. यंत्राकडे दोष ठरला की तोच हेडफोन दुसऱ्या फोनला जोडायचा आणि मूळ फोनला दुसरा हेडफोन. दुसऱ्या फोनवर दोन्ही बाजू नीट वाजल्या तर हेडफोन निर्दोष, मूळ फोन किंवा त्याचे सॉकेट दोषी. दोन्ही फोनांवर तीच बाजू गप्प राहिली तर हेडफोन दोषी. या अदलाबदलीला एकही हत्यार लागत नाही, आणि दुरुस्तीच्या दुकानातला अनुभवी कारागीरही सुरुवात इथूनच करतो.

फोन दोषी ठरला तरी लगेच तो उघडण्याचे कारण नाही. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' या विभागात आवाजाचा डावा-उजवा तोल ठरवणारी एक पट्टी असते. बोटाच्या चुकीच्या स्पर्शाने ती एका टोकाला सरकली की एक बाजू पूर्ण बंद होते. तिथेच 'मोनो ऑडिओ' नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखाच जातो. एका कानाने कमी ऐकणाऱ्यांसाठी ही सोय आहे, पण एक बाजू गेलेल्या इयरफोनवर प्रवासात काम भागवायलाही ती उपयोगी पडते. निदान गाण्याचा अर्धा भाग हरवत नाही. कधी दोष ध्वनिमुद्रणाचाच असतो. स्टिरिओच्या सुरुवातीच्या काळातल्या, विशेषतः १९६०च्या दशकातल्या काही मुद्रणांत गायकाचा आवाज एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला ठेवलेली आहेत. तेव्हा एकाच गाण्यावरून निष्कर्ष काढू नये.

यानंतर येते पिन. आजची साडेतीन मिलिमीटरची पिन ही टेलिफोन केंद्रांतल्या स्विचबोर्डवर एकोणिसाव्या शतकात आलेल्या पाव इंची पिनेची धाकटी वंशज आहे. ट्रान्झिस्टर रेडिओने तिला घरोघर नेले आणि १९७९मध्ये आलेल्या सोनीच्या वॉकमनने तिला जगभर मान्यता मिळवून दिली. पिनेवरचे काळे पट्टे शोभेचे नसतात. ते धातूच्या भागांना एकमेकांपासून अलग ठेवतात. साध्या स्टिरिओ पिनेवर दोन पट्टे आणि तीन भाग असतात: टोक डाव्या बाजूचे, मधले कडे उजव्या बाजूचे, आणि बुंध्याकडचा भाग दोन्हींना सामाईक, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेचा. माइक असलेल्या इयरफोनच्या पिनेवर तीन पट्टे आणि चार भाग असतात. तिथे चौथा भाग माइकसाठी राखलेला असतो. सामाईक भाग आणि माइकचा भाग यांचा क्रम काही जुन्या फोनांत उलटा होता, त्यामुळे नवा इयरफोन जुन्या फोनला जोडला तर आवाज विचित्र येतो. तो बिघाड नसून जोडी न जुळण्याचा प्रकार आहे.

हे भाग ओळखता आले की एका गोंधळात टाकणाऱ्या लक्षणाचा उलगडा होतो. कधी कधी आवाज दोन्ही कानांत येतो, वाद्येही वाजतात, पण गायकाचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा दूर जातो किंवा जवळजवळ नाहीसा होतो. लोक याला फोनचा दोष समजतात. प्रत्यक्षात सामाईक तार तुटलेली असते. परतीची वाट बंद झाल्यामुळे वीज डाव्या स्पीकरमधून थेट उजव्यात जाते, आणि ऐकू येतो तो फक्त दोन बाजूंमधला फरक. गायकाचा आवाज सहसा दोन्ही बाजूंना सारखाच मुद्रित केलेला असतो, म्हणून वजाबाकीत तोच उडतो. पिन सॉकेटात अर्धवट बसली तरी नेमके हेच घडते.

पिन अर्धवट बसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे खिशातली लव. पँटच्या खिशातला कापसाचा भुसा फोनच्या सॉकेटात शिरतो, दर वेळी पिन तो आत दाबते, आणि काही महिन्यांत तळाशी घट्ट बोळा तयार होतो. मग पिन खटकन बसत नाही, थोडी बाहेर राहते आणि तिचे टोक आतल्या पट्टीला पोचत नाही. टोक डाव्या बाजूचे असल्यामुळे अशा वेळी डावा कान आधी जाऊ शकतो. फोन बंद करून, लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने तो बोळा उकरून काढता येतो. टाचणी, सुई किंवा केसांची पिन मात्र घालू नये. आतल्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या एकदा वाकल्या की सॉकेटच बदलावे लागते. पिनेवर घामाचा किंवा गंजाचा थर असेल तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसावी. तेल लावू नये, त्याने धूळ धरते.

२०१६मध्ये आयफोन ७ मधून गोल सॉकेट गेले, आणि त्यानंतर अनेक अँड्रॉइड फोनांनीही तीच वाट धरली. त्यामुळे आता पुष्कळांच्या वाटेत टाइप-सीचा एक छोटा जोड येतो. हे जोड दोन जातींचे असतात. एकात डिजिटल आवाजाचे विजेत रूपांतर करणारी चिप असते, दुसऱ्यात नुसत्या तारा असतात. दुसऱ्या जातीचा जोड प्रत्येक फोनवर चालेलच असे नाही. एक बाजू गेली असेल तर जोडही अदलाबदलीच्या तपासणीत घ्यावा, कारण त्याची आखूड वायर रोज वाकते आणि लवकर तुटते.

वायर असलेल्या हेडफोनमध्ये सगळ्यात जास्त बळी जातो तो वायरीचाच. आतली तार केसासारख्या बारीक तंतूंची असते, प्रत्येक तंतूवर रंगीत लाखेचा पातळ थर असतो आणि ताण झेलण्यासाठी सोबत सुती किंवा नायलॉनचे धागे असतात. तांबे एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकले की थकते, आधी एक तंतू तुटतो, मग दुसरा, आणि बाहेरचे कव्हर मात्र शाबूत दिसत राहते. तुटण्याच्या जागा ठरलेल्या असतात: पिनेपासून चार बोटांच्या अंतरात, वायर दोन फाट्यांत विभागते तिथे, आणि इयरफोनच्या तोंडाशी. फोनभोवती वायर आवळून गुंडाळण्याची सवय यातल्या पहिल्या जागेची मोठी वैरीण आहे. गाणे सुरू ठेवून वायर दोन बोटांत धरत हळूहळू पुढे सरकायचे आणि प्रत्येक ठिकाणी जरा वाकवून बघायचे. ज्या जागी आवाज खरखरून परत येतो, ती तुटीची जागा.

मल्टिमीटर असेल तर अंदाज करावा लागत नाही. तो रोध मोजण्यावर ठेवून एक टोक पिनेच्या टोकाला आणि दुसरे सामाईक भागाला लावले की डाव्या बाजूचा रोध दिसतो. कड्याला आणि सामाईक भागाला लावले की उजव्या बाजूचा. बाजारातल्या बहुतेक इयरफोनांचा आकडा १६ किंवा ३२ ओहम असा छापलेला असतो आणि मीटरवर त्याच्या आसपासचा, बहुधा थोडा कमी, आकडा दिसतो. दोन्ही बाजू सारख्या असतील तर वायर ठीक आहे. एक बाजू अनंत दाखवत असेल तर ती तुटलेली आहे. आकडा शून्याजवळ असेल तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मीटरचे टोक लावता-काढताना चांगल्या इयरफोनमध्ये हलका 'टक' आवाजही येतो. तो आला तर स्पीकर जिवंत आहे, हे निश्चित.

तूट पिनेजवळ असेल तर दुरुस्ती सोपी. खराब भाग कापून टाकून नवी पिन बसवायची. रंगांचा सर्वसाधारण रिवाज असा की लाल तार उजवी, हिरवी किंवा निळी डावी, आणि तांब्याच्या उघड्या रंगाची सामाईक. पण सगळ्या कंपन्या तो पाळत नाहीत, म्हणून मीटरने खात्री करावी. घरी प्रयत्न करणाऱ्यांची चूक हमखास एकच होते: तारेवरची लाख न काढता सोल्डर केले जाते. लाख वीज अडवते, त्यामुळे सांधा दिसायला पक्का पण कामाला निरुपयोगी. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर राळ आणि कथिलाचा थेंब घेऊन त्यात तार काही सेकंद बुडवली की लाख जळते आणि तारेला चांदीसारखी झळाळी येते. मगच सांधा करावा.

बिनतारी इयरबडमध्ये वायर नाही, पण वाट अधिक गुंतागुंतीची आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते. त्याच पट्ट्यात वायफायही असते आणि मायक्रोवेव्ह भट्टीची गळतीही. गर्दीतून वाट काढण्यासाठी ब्लूटूथ ७९ वाहिन्यांमध्ये सेकंदाला १६०० वेळा उड्या मारते, आणि २००३मध्ये आलेल्या आवृत्तीपासून गजबजलेल्या वाहिन्या टाळायलाही शिकले आहे. तरीही बंगळुरूच्या यशवंतपूरसारख्या ठिकाणी त्याची कसोटी लागते. इथे मेट्रोची हिरवी मार्गिका आणि रेल्वेचे मोठे जंक्शन शेजारी आहेत. पंढरपूरसह दूरदूरच्या गाड्या इथून सुटतात. गर्दीच्या वेळी एका डब्यात शेकडो फोन, घड्याळे आणि इयरबड एकाच पट्ट्यात बोलत असतात. आवाज तुटक होणे तिथे स्वाभाविक आहे.

पण एकाच बाजूचा आवाज तुटण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते म्हणजे माणसाचे शरीर. शरीरात पाणी भरपूर, आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. फोन पँटच्या उजव्या खिशात असेल तर डाव्या कानापर्यंतच्या वाटेत धड आणि डोके आडवे येतात. घरात भिंतींवरून परावर्तित लहरी वळसा घालून पोचतात. मोकळ्या फलाटावर भिंतच नसल्याने तो आधार मिळत नाही. घरी नीट चालणारा बड रस्त्यावर तुटतो तो यामुळे. शिवाय पुष्कळ जुन्या इयरबडमध्ये फोन एकाच मुख्य बडशी बोलत असे आणि तो बड दुसऱ्याला आवाज पुरवत असे. डोक्यातून आरपार ही देवाणघेवाण अवघडच. काही कंपन्यांनी त्यासाठी रेडिओऐवजी चुंबकीय क्षेत्राचा वापर केला. नंतरच्या रचनांमध्ये दुसरा बड फोनचे बोलणे स्वतःच ऐकू लागला, आणि २०२०मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत दोन्ही बडांना वेगळा प्रवाह मिळतो. आपल्याकडचा संच कोणत्या पिढीचा आहे यावर उपाय ठरतो, पण एक उपाय सगळ्यांना लागू आहे: फोन ज्या बाजूचा आवाज तुटतो त्या बाजूच्या खिशात ठेवून बघावा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होते.

तसे झाले नाही तर पुढचा संशय बॅटरीवर. प्रत्येक बडमध्ये लिथियमची बटणाएवढी स्वतंत्र बॅटरी असते. मुख्य बड जास्त राबतो, म्हणून त्याची बॅटरी आधी थकते. पण नवा बडही मेल्यासारखा वाटू शकतो, कारण तो चार्जिंगच्या डबीत नीट बसलाच नव्हता. डबीतल्या दोन बारीक धातूच्या टोकांवर घामाचा, मळाचा थर साचला की एक बड रात्रभर डबीत राहूनही रिकामा निघतो. ती टोके आणि बडवरचे ठिपके कोरड्या कापसाच्या काडीने पुसावेत. त्यानंतर दोन्ही बड डबीत ठेवून, फोनच्या ब्लूटूथ यादीतून संचाचे नाव काढून टाकून, कंपनीने सांगितलेल्या रीतीने डबीचे बटण दाबून संच मूळ स्थितीत आणावा आणि नव्याने जोडावा. दोन बडांची आपसातली जोडी तुटल्याने एक गप्प झाला असेल, तर तो या उपायाने बोलू लागतो. बॅटरीच गेली असेल तर बड उघडण्याच्या फंदात पडू नये. लिथियमची बॅटरी टोचली गेली तर पेट घेते.

आवाज पूर्ण बंद न होता एका बाजूला क्षीण झाला असेल, तर जाळी बघावी. कानातला मळ बडच्या बारीक जाळीत बसतो आणि आवाज घुसमटतो. जाळी खाली तोंड करून, मऊ कोरड्या ब्रशने झटकावी, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडतो. पाणी किंवा सॅनिटायझर ओतू नये. स्पीकरमध्ये एक ताकदवान चुंबक असतो, आणि तो लोखंडाची बारीक भुकटी ओढतो. यशवंतपूरपासून मेट्रोने काही मिनिटांवर पीण्या ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. तिथल्यासारख्या लेथ आणि ग्राइंडिंगच्या कारखान्यांत काम करताना इयरफोन बाकावर उघडे ठेवले तर हा चुरा जाळीतून पडद्यावर जाऊन बसतो, आणि ती बाजू बारीक किंवा चिरकी होते. तो काढणे जवळजवळ अशक्य. डबीत ठेवणे हाच उपाय.

आता कानाकडे. इयरफोन बदलूनही त्याच कानाला कमी ऐकू येत असेल, तर पुष्कळदा कारण मळाचा बोळा असते. कानात बसणारे इयरफोन मळ बाहेर येऊ देत नाहीत, उलट आत ढकलतात. तो काडीने कोरू नये, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे काढून घ्यावा. मात्र एका शक्यतेकडे फार गांभीर्याने पाहिले पाहिजे. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकाच कानाचे ऐकणे अचानक उतरले, सोबत कानात शिट्टी वाजल्यासारखे किंवा चक्कर आल्यासारखे वाटत असेल, तर ते अंतर्कर्णातील श्रवणशक्ती अचानक जाण्याचे लक्षण असू शकते. त्यावर स्टेरॉइडचे उपचार असतात आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत, शक्य तितक्या लवकर, सुरू व्हावे लागतात. हेडफोन बिघडला असे समजून दिवस घालवणारा माणूस हा मोलाचा काळ गमावतो. श्रवणतपासणीसाठी म्हैसूरची १९६५पासूनची अखिल भारतीय वाक्‌ श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या सरकारी संस्था आहेत, पण अचानक बहिरेपणात जवळचा कानाचा डॉक्टर गाठणे आधी.

दुसरा धोका रोजचा आहे. एक बाजू गेली की माणूस न कळत दुसऱ्या बाजूचा आवाज वाढवतो. गाडीचा खडखडाट, हॉर्न आणि उद्घोषणा मोकळ्या कानातून येत असतात, त्यांना दाबायला आणखी वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलने ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे पाच तासच उरतात. अर्धा बिघडलेला इयरफोन महिनोन्‌महिने तसाच वापरण्याची किंमत चांगल्या कानाला मोजावी लागते. तो दुरुस्त तरी करावा, नाहीतर बाजूला तरी ठेवावा.

दुरुस्तीसाठी यशवंतपूरच्या रहिवाशाला फार हिंडावे लागत नाही. २०१४मध्ये सुरू झालेली हिरवी मार्गिका जून २०१७पासून मॅजेस्टिकच्या पुढे भुयारातून चिकपेट आणि कृष्णराजेंद्र मार्केटपर्यंत जाते. तिथून सदर पत्रप्पा रस्ता, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा एस. पी. रोड, जवळ आहे. पिना, वायरी, स्पीकर, सोल्डरचे सामान असे सुटे भाग तिथल्या दुकानांत मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडचे जे स्थान, तेच बंगळुरूत या रस्त्याचे. पिनेची किंवा वायरीची दुरुस्ती चांगल्या हेडफोनसाठी नेहमीच परवडते. अगदी स्वस्त इयरफोनचे तसे नाही; तिथे कारागिराची मजुरीच नव्या नगाएवढी होऊ शकते, आणि तसे तो आधीच सांगतो. सुटी वायर लावता येणारा हेडफोन घेतला तर हा प्रश्नच उरत नाही, म्हणून नवा घेताना ही सोय आधी बघावी.

हमीची मुदत शिल्लक असेल तर हेडफोन उघडू नये. आधी पावती शोधावी. अनेक कंपन्या एकच बड किंवा नुसती डबीही वेगळी विकतात किंवा बदलून देतात, पण ग्राहकाने विचारल्याशिवाय हे सहसा सांगितले जात नाही. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'दुरुस्तीच्या हक्का'साठी एक पोर्टल सुरू केले. त्यावर सहभागी कंपन्यांच्या दुरुस्तीची, सुट्या भागांची आणि हमीची माहिती मिळते. हमी असूनही दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

आणि खरोखरच निकामी झालेला संच घरच्या कचऱ्यात टाकू नये. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेटते. यशवंतपूरवरून जाणाऱ्या तुमकूर रस्त्यावरच, शहराबाहेर डोब्बसपेटला, ई-परिसर ही २००५पासूनची संस्था आहे. सरकारी परवाना घेऊन ई-कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या देशातल्या पहिल्या काही संस्थांमध्ये तिची गणना होते. अशा केंद्रांपर्यंत माल पोचवणाऱ्या अधिकृत संकलकाकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात जुना संच द्यावा. देण्यापूर्वी फोनच्या ब्लूटूथ यादीतून त्याचे नाव काढून टाकावे, आणि बॅटरी फुगलेली दिसत असेल तर तसे सांगून तो वेगळा बांधून द्यावा.